विमानशिल्पी डॉ. घाटगे

अमेरिकेतील राइट बंधूंनी आपले विमान प्रथम उडविले ते १९०३ साली. परंतु जगाला त्यांच्या कर्तृत्वाची खात्री पटण्यास १९०८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी विल्बर राइट यांनी फ्रान्समध्ये जमलेल्या लोकांसमोर आपले विमान हवे तसे वळवून दाखविले, आणि तोवर शंका घेणाऱ्यांची तोंडे बंद झाली. त्याच वर्षी, २४ ऑक्टोबर रोजी, कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यात विष्णु माधव घाटगे यांचा जन्म झाला. हिंदुस्थानच्या आकाशात तेव्हा एकही विमान उडाले नव्हते. पुढे याच मुलाच्या हातून भारतीयांनी रचलेले विमान आकाशात जावयाचे होते.

येथील शिक्षण पुरे करून घाटगे जर्मनीला गेले. तेथील गटिंगेन या गावी एक जुने, नामांकित विद्यापीठ आहे. गणित व पदार्थविज्ञान या विषयांसाठी त्या काळी त्याचा लौकिक जगभर होता, आणि वाऱ्याच्या गतीचा अभ्यास करणाऱ्यांच्या दृष्टीने तर ते तीर्थक्षेत्रच होते. कारण लुडविग प्रांटल हे थोर आचार्य तेथे अध्यापन करीत. प्रांटल यांची साधने साधी असत. हाताने चाक फिरवून पाणी वाहते ठेवता येईल अशी एक पन्हळ त्यांनी तयार करविली होती. पाण्यात चमकदार खनिजाचे बारीक कण टाकून, वाटेत पंखासारखी एखादी वस्तू ठेवून, पाणी तिच्या अंगावरून कसे वाहते हे ते तासन्‌तास पाहत. हवाही पाण्याप्रमाणे वाहते. म्हणून जे पाण्यात दिसले तेच हवेतही घडत असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. त्यातून त्यांना जो शोध लागला तो त्यांनी १९०४ साली विद्वानांच्या एका सभेत अवघ्या काही मिनिटांत सांगितला. विमानविद्येचा पाया त्या काही मिनिटांत घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा शोध कोणता, हे समजण्यास जर्मनीला जाण्याचे कारण नाही. पावसाळ्यात हिंगणघाटच्या पुलावरून वणा नदीकडे पाहावे. पाण्याचा प्रवाह पुलाच्या खांबावर येऊन आदळतो, दोन्ही बाजूंनी दुभंगतो व पुढे जातो. परंतु खांबाच्या मागे तो लगेच जुळत नाही. तेथे पाणी घुटमळते, उलटे फिरते, भोवरे होतात. खांबाला अगदी लागून असलेले पाणी खांबाशी घासून मंद होते, पुढे जाण्याची त्याची शक्ती सरते आणि ते खांबाचा आकार सोडून देते. विमानाच्या पंखावरही असेच घडते. पंखाला लागून हवेचा एक अत्यंत पातळ थर असतो. त्यास सीमास्तर म्हणतात. हा थर पंखाला धरून राहिला, तर पंख विमानास उचलून धरतो. पंखाचे पुढचे टोक फार वर उचलले, म्हणजे सुमारे पंधरा अंशांच्या पलीकडे नेले, तर पंखाच्या पाठीवरील हवा त्यास सोडून देते, तेथे वणेतल्यासारखे भोवरे होतात आणि विमानाची उचल एकाएकी घटते. यंत्र उत्तम चालत असूनही विमान दगडासारखे खाली येऊ लागते. वर जाण्यासाठी नाक अधिक वर करावे, ही नवशिक्याची स्वाभाविक बुद्धी. आणि तीच त्याच्या जिवावर बेतते.

ही विद्या घाटगे यांनी प्रांटल यांच्या हाताखाली संपादन केली. ते दिवस गटिंगेनला चांगले नव्हते. जर्मनीत हिटलरची सत्ता आली होती, आणि १९३३ साली त्या विद्यापीठातील कित्येक थोर अध्यापकांना केवळ ते ज्यू म्हणून पदावरून दूर करण्यात आले होते. अशा वातावरणात परदेशातील एका तरुणाने आपले चित्त अभ्यासावर स्थिर ठेवले, आणि १९३६ साली डॉक्टर ही पदवी मिळविली.

विद्या तर मिळाली. परंतु तिचा उपयोग कोठे करावयाचा? हिंदुस्थानात तेव्हा विमानाचा एकही कारखाना नव्हता. लढाऊ असो की टपालाचे, प्रत्येक विमान परदेशातून येई. ही उणीव प्रथम दूर केली ती सोलापूरच्या एका उद्योगी पुरुषाने. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० च्या डिसेंबर महिन्यात बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. दुसरे महायुद्ध पेटले होते. यंत्रसामग्री अमेरिकेतून आली, आणि विमानांचे आराखडेही तेथलेच आले. घाटगे या कारखान्यात दाखल झाले. दहा माणसे बसू शकतील अशा, यंत्राशिवाय तरंगणाऱ्या एका विमानाचा आराखडा कारखान्यात १९४१ सालीच तयार झाला होता. पण युद्धाने तो हुरूप टिकू दिला नाही. सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला, आणि युद्ध संपेपर्यंत तेथे मुख्यतः मोडक्या विमानांची दुरुस्ती होत राहिली.

या काळात घाटगे यांनी जे काम केले ते बाहेरच्या जगाला फारसे दिसण्याजोगे नव्हते. त्याचे मोल मात्र कोणत्याही विमानाहून कमी नाही. एका माणसाच्या विद्येवर कारखाना चालत नाही. म्हणून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ च्या डिसेंबरात विमानविद्येचा विभाग उघडण्यात आला, आणि तो उभा करण्याचे काम घाटगे यांच्याकडे आले. या विषयाचे असे शिक्षण देणारा देशातील तो पहिलाच विभाग होय. वाऱ्याचा बोगदाही तेथे पुढे बांधला गेला. त्यात विमानाचा लहानसा नमुना टांगतात, मोठ्या पंख्याने वारा सोडतात आणि नमुन्यावर पडणारा जोर तराजूने मोजतात. विमान हवेतून जावो की हवा विमानावरून वाहो, दोन्हींचा परिणाम एकच.

मात्र नमुन्यात एक फसगत असते. लहान पंखावरून संथपणे जाणारी हवा मोठ्या पंखावरून वेगाने जाणाऱ्या हवेसारखी वागत नाही. लहान पंखाला ती जणू अधिक दाट, चिकट भासते आणि लवकर साथ सोडते. त्यामुळे नमुन्यावर घेतलेली मापे खऱ्या विमानास जशीच्या तशी लावून चालत नाही. त्यांना गणिताची जोड द्यावी लागते. अलीकडे मैदानावर बिनतारी यंत्राच्या साहाय्याने लहान विमाने उडविणाऱ्या मुलांना याचा अनुभव येतो. मोठ्या विमानाची हुबेहूब प्रतिकृती करावी, आणि वळण घेताना वेग जरा कमी होताच तिने एका पंखावर कोसळावे, असे पुष्कळदा होते. विमानाचा भार मध्यापासून थोडा मागे सरकला, तर ते हाताबाहेर जाते. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते, आणि नवख्याचा गोंधळ उडतो. तेथे फार तर एखादा पंख मोडतो. मुलगा घरी जाऊन तो पुन्हा चिकटवितो. घाटगे यांना जे विमान करावयाचे होते, त्यात मनुष्य बसणार होता.

देश स्वतंत्र झाला. आपल्या वैमानिकांना शिक्षण देण्यासाठी आपलेच विमान असावे, असे ठरून १९४८ साली कारखान्यात त्या कामास प्रारंभ झाला. त्या विमानास एच.टी.-२ हे नाव मिळाले. मुख्य आराखडा घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. शिक्षणाचे विमान म्हणजे सोपे काम, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. वस्तुतः ते फार अवघड. निष्णात वैमानिक विमानाचे दोष सांभाळून घेतो. शिकाऊ उमेदवारास ते साधत नाही. तो नाक नको तितके वर करणार, वळताना वेग गमावणार, जमिनीवर उतरताना आपटणार, हे गृहीत धरूनच विमान रचावे लागते. हवा पंखाला सोडणार असेल, तर तिने आधी इशारा द्यावा. विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले, तर सुकाणू व शेपटीची झडप फिरविताच ते सावरावे. आणि तरीही विमान इतके सौम्य नसावे, की त्यावर शिकलेल्यास पुढे लढाऊ विमान हाती घेता येऊ नये. या दोन टोकांच्या मध्ये योग्य जागा शोधणे, हीच खरी कसोटी होती.

तुलनेसाठी पूर्वीचे देशी विमान नव्हते. चुकले तर विचारावयास कोणी वडीलधारा नव्हता. विमान पडले असते, तर एका वैमानिकाचा जीव गेला असताच. शिवाय आपल्याला हे जमावयाचे नाही, ही समजूत पुढील वीस वर्षे पक्की झाली असती. आराखड्याच्या कागदावर काढलेल्या प्रत्येक रेघेवर हा भार होता.

विमान तयार झाले. संपूर्ण धातूचे, खाली बसविलेल्या एका पंखाचे, एकामागे एक अशा दोन आसनांचे. पंखांचा विस्तार १०.७२ मीटर, लांबी सुमारे साडेसात मीटर. यंत्र मात्र विलायती होते. ते करण्याची आपली सिद्धता तेव्हा नव्हती, हे नमूद केले पाहिजे. १९५१ च्या ऑगस्ट महिन्यात कारखान्याचे चाचणी वैमानिक कॅप्टन जमशेद मुन्शी त्यात बसले. अशा वेळी रचनाकारास करण्यासारखे काही उरत नाही. त्याचे गणित पुरे झालेले असते. चूक असेल तर ती आता आकाशातच कळावयाची. धावपट्टीवर वेग घेऊन विमान उठले, बंगलोरच्या आकाशात फिरले आणि सुखरूप खाली आले. भारतीयांनी स्वतः रचलेले, यंत्रावर चालणारे विमान उडाले होते.

पुढे अशी सुमारे १७० विमाने बांधली गेली. दोन पंखी जुन्या टायगर मॉथची जागा त्यांनी घेतली, आणि तीन दशकांहून अधिक काळ वायुदलातील उमेदवारांनी आकाशाचा पहिला धडा त्यांच्यावर गिरविला. आफ्रिकेतील घाना या नवस्वतंत्र देशाच्या वायुदलासही १२ विमाने देण्यात आली. विमाने विकत घेणारा देश विमाने पुरविणारा झाला, तो असा.

यानंतर कामे एकामागून एक आली. उड्डाणसंघांसाठी पुष्पक हे हलके विमान १९५८ साली उडाले, आणि त्यापाठोपाठ पुढच्याच वर्षी सैन्याच्या टेहळणीसाठी कृषक. १९५६ साली कुर्ट टँक हे प्रसिद्ध जर्मन रचनाकार बंगलोरला आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेले मरुत हे लढाऊ विमान १९६१ साली आकाशात गेले. मरुतचा विषय निघाला की टँक यांचे नाव सर्वजण घेतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांना कामाला लावण्याजोगे भारतीय अभियंते तेथे आधीपासून तयार होते; त्यांना तयार करणाऱ्या घाटगे यांचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते. यात न्याय नाही.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली रचलेले किरण हे झोतयंत्राचे शिक्षण-विमान १९६४ च्या सप्टेंबरात उडाले. एच.टी.-२ मध्ये शिक्षक व विद्यार्थी एकामागे एक बसत. किरणमध्ये ते शेजारीशेजारी बसतात, त्यामुळे विद्यार्थ्याचा हात कोठे चुकतो हे शिक्षकास डोळ्यांनी दिसते. १९६५ साली भारत सरकारने घाटगे यांना पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

६ डिसेंबर १९९१ रोजी डॉ. घाटगे यांचे निधन झाले. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९६ साली, भारतीय वायुदलाने आकाशातील कसरतींसाठी सूर्यकिरण नावाचे एक पथक उभारले. त्या पथकासाठी जी विमाने निवडली गेली ती किरणच होती. पुढे नऊ विमाने, एकमेकांच्या पंखांपासून अवघ्या काही मीटरांच्या अंतरावर, एकदम वळत, एकदम उलटी होत, आणि खाली उभी असलेली मुले माना वर करून पाहत राहत.