कोल्हापूरच्या रुग्णालयात डॉ. आनंदीबाई जोशी काय शिकवणार होत्या?

कोल्हापूरकरांच्या तोंडी असलेले 'सीपीआर', म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, एकेकाळी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणून ओळखले जात असे. पाश्चात्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी एक असलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची १८८६ मध्ये याच रुग्णालयात नेमणूक झाली होती. स्त्री विभाग सांभाळणे आणि मुलींना वैद्यकाचे शिक्षण देणे, असे ते काम होते. प्रत्यक्षात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. असे का झाले?

कोल्हापूरशी संबंध आधीपासूनच

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. पत्नीने शिकावे असा गोपाळरावांचा आग्रह होता. कोल्हापुरात बदली झालेली असताना १८७८ मध्ये त्यांनी तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांकडे आनंदीबाईंना अमेरिकेत पाठवण्याविषयी विचारणा केली. हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापून आला. न्यू जर्सीत राहणाऱ्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी तो १८८० मध्ये दाताच्या दवाखान्यात वाट पाहत असताना वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे त्यांच्याच घरी आनंदीबाईंची राहण्याची सोय झाली.

डॉक्टरच का व्हायचे होते?

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण वैद्यकीय मदतीअभावी तो दहाच दिवस जगला. त्या काळी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेत नसत. फेब्रुवारी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात आनंदीबाईंनी हीच गरज मांडली. एप्रिल १८८३ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या पतीशिवाय कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या.

खाटेजवळची तपासणी इतकी महत्त्वाची का होती?

एक्स-रेचा शोध १८९५ मध्ये लागला. त्याआधी डॉक्टरची भिस्त डोळे, हात आणि कान यांवरच होती. रोग्याला नीट न्याहाळणे, हाताने चाचपणे, छाती-पाठीवर बोटांनी ठोकून आवाज पाहणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे, ही तपासणीची चार अंगे. ही कौशल्ये पुस्तक वाचून येत नाहीत, ती वॉर्डात अनुभवी डॉक्टरसोबत राहूनच शिकावी लागतात. जिला स्पर्शच करता येत नाही, त्या स्त्रीच्या बाबतीत मात्र हे सारे ज्ञान निरुपयोगी ठरत होते.

अमेरिकेतही मुलींसाठी वॉर्डाचे दार सहज उघडले नव्हते. आनंदीबाई शिकल्या ते फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० मध्ये स्थापन झाले. १८६९ मध्ये या कॉलेजच्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील प्रात्यक्षिक व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली होती. विद्यार्थिनींना रुग्ण तपासायला मिळावेत, हा १८६१ मध्ये शहरात महिलांचे रुग्णालय सुरू करण्यामागचा एक हेतू होता. रोग्याच्या खाटेजवळ शिकवण्याच्या पद्धतीसाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले विल्यम ऑस्लर हेही १८८४ पासून याच शहरात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत होते.

पदवी, नेमणूक आणि क्षय

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. पदवी मिळाली. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. नंतर बोस्टनमधील महिला व मुलांच्या रुग्णालयात त्यांनी काही काळ अनुभव घेतला. याच वर्षी कोल्हापूर संस्थानाकडून नेमणूक आली. मुलींना शिकवण्याची अट पाहता, संस्थानाला एका डॉक्टरपुरते न थांबता स्त्री वैद्यकांची पुढची फळी हवी होती, असे दिसते.

पण अमेरिकेतच त्यांची प्रकृती ढासळली होती. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या क्षयाने खंगूनच. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला होता, मात्र त्यावर प्रभावी औषध मिळायला १९४० चे दशक उजाडावे लागले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांची रक्षा कार्पेंटर यांच्याकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्यांचे स्मारक आहे.

पुढे काय झाले?

शाहू महाराजांच्या काळात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात काम केले. आज सीपीआर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. मुलींनी वॉर्डात उभे राहून रुग्ण तपासायला शिकणे ही तिथे आता रोजची बाब आहे. आनंदीबाईंना सोपवलेले काम नेमके हेच होते.