देहूचे वाणी तुकोबा

तुकोबांची गाथा आपल्या घरोघरी आहे. परंतु त्यांच्या दुकानाची हकीकत क्वचितच सांगितली जाते. माझे माहेर नांदेडच्या मोंढ्यातले, सासर लातूरच्या गंजगोलाईजवळचे. जन्मभर तागडी आणि उधारीची वही पाहत आले, म्हणून मला तुकोबांतला वाणी फार जवळचा वाटतो.

देहूच्या बाजाराची महाजनकी त्यांच्या घराण्यात होती. थोरले बंधू सावजी विरक्त. म्हणून वडील बोल्होबांनी दुकानाचा भार तुकोबांवर कोवळ्या वयातच सोपविला आणि त्यांनी तो नेटाने वाहिला. पुढे आईवडील वारले, भावजय गेली, सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच १६३०च्या सुमारास भयंकर दुष्काळ पडला. गुरेढोरे गेली, उधारी बुडाली, दिवाळे निघाले. थोरल्या पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतूही गेला.

धाकट्या पत्नी जिजाई या पुण्याच्या आप्पाजी गुळव्यांच्या कन्या. त्यांना कजाग म्हणून हसण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. पण महिपतीबोवांनी सांगितलेली गोष्ट ऐका. बाजारात पतीची पत उरली नाही, तेव्हा जिजाईंनी आपल्या नावावर २०० रुपये कर्ज काढून त्यांना भांडवल दिले. तुकोबा मीठ घेऊन बालाघाटाकडे गेले. आपल्या लातूरपर्यंत येते तीच ही डोंगररांग! २०० चे २५० झाले. परतीच्या वाटेवर कर्जापायी धरलेला एक गरीब ब्राह्मण भेटला. त्याला सोडविण्यासाठी तुकोबांनी सारी रक्कम देऊन टाकली. पुण्य तुकोबांचे झाले, पण कर्ज जिजाईंच्याच नावावर राहिले. त्या रागावल्या, यात नवल ते काय?

दुसरी गोष्ट कर्जखतांची. ती सारी इंद्रायणीत बुडवावी असे तुकोबांच्या मनात आले. पण धाकटे बंधू कान्होबा यांना संसार करायचा होता. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन सारखे वाटे केले. एक भावाला दिला आणि आपला तेवढा नदीत सोडला. ऋणको मोकळे झाले आणि भावाचाही हक्क बुडाला नाही.

मला हा हिशेब मोठा वाटतो. दया करावी, पण ती आपल्या वाट्यातून. १६५० साली तुकोबा गेले. आज बचत गटाच्या कर्जावर सही करताना आपण तुकोबांबरोबर जिजाईंचेही स्मरण ठेवावे.