खाशाबांना न मिळालेला अर्धा तास

हेलसिंकी, २३ जुलै १९५२. ऑलिम्पिकच्या फ्रीस्टाइल कुस्तीत ५७ किलो वजनी गटात गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पंधरा मिनिटे झुंजले आणि थोडक्यात हरले. इशी मुळात ज्युदो खेळणारे. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानला मिळालेले एकमेव सुवर्णपदक त्यांचेच. ही कुस्ती संपते न संपते तोच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममेदबेकोव्ह यांच्याशी लढायला बोलावण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. तो नियम दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. खाशाबा तसेच मॅटवर गेले आणि हरले. इशींना सुवर्ण, ममेदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

ही हकीकत कुस्तीशौकीन अन्याय म्हणून सांगतात आणि तो होताच. पण तो अर्धा तास शरीराच्या हिशेबात नेमका किती मोलाचा होता, हे क्वचितच कोणी सांगते.

स्नायूला ताकद तीन ठिकाणांहून मिळते. पहिला साठा अगदी हाताशी असतो, एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेटचा. डाव टाकताना, प्रतिस्पर्ध्याला उचलताना जो झटका लागतो तो इथून येतो. पूर्ण जोर लावला तर हा साठा दहा सेकंदांच्या आसपास टिकतो. मात्र तो भरूनही लवकर येतो. मिनिटभरात निम्मा आणि तीन ते पाच मिनिटांत जवळजवळ पूर्ण. दुसरा मार्ग म्हणजे स्नायूतली साखर, ग्लायकोजेन, प्राणवायूची वाट न पाहता जाळणे. यात लॅक्टेट तयार होते, स्नायूत आम्लता वाढते आणि हातपाय जड होतात. हा भार उतरायला वेळ लागतो. अर्ध्या तासात तो निम्म्याहून अधिक उतरतो, पूर्ण उतरायला तासभर तरी हवा. तिसरा मार्ग प्राणवायूचा, संथ पण दीर्घकाळ चालणारा. लांब पल्ल्याचा धावपटू बहुतांश याच मार्गाने धावतो, तर पैलवानाला पंधरा मिनिटांत तिन्ही मार्ग पुनःपुन्हा वापरावे लागतात.

त्यात पकडीचा प्रश्न वेगळाच. मनगट किंवा पाय घट्ट धरून ठेवला की हाताचे स्नायू इतके आवळले जातात की त्यांच्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याच दाबल्या जातात. म्हणजे ज्या क्षणी रक्ताची गरज सर्वाधिक, त्याच क्षणी पुरवठा बंद. पकड सैल होते ती बहुधा यामुळे, आणि पकड सुटली की डावही सुटतो.

तेव्हा नियम करणाऱ्यांनी अर्धा तास उगाच ठरवलेला नव्हता. त्या वेळात माणूस ताजातवाना होत नाही, ग्लायकोजेन भरायला तर व्यवस्थित जेवण आणि जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. पण श्वास जागेवर येतो, घोटघोट पाणी पोटात जाते, अंगातली उष्णता उतरते, हाताची पकड परत येते. खाशाबांना तो वेळ मिळाला असता तर सुवर्ण मिळाले असते, असे छातीठोकपणे म्हणणे हे भक्तिभावाचे काम झाले. ममेदबेकोव्ह यांच्याशी ते निदान कमी थकलेल्या अंगाने लढले असते, एवढे मात्र वैद्यकशास्त्र सांगू शकते.

याच हेलसिंकीत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेक यांनी १०,००० मीटर, ५,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्यांचा पराक्रम आजही अद्भुत वाटतो. पण तारखा पाहाव्यात: २० जुलै, २४ जुलै आणि २७ जुलै. मध्ये एक पात्रता फेरी धरली तरी प्रत्येक शर्यतीनंतर जेवायला, झोपायला, पाय मोकळे करायला दिवस होते.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांतले हे धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना मातीत उतरवले. शाळा कराडच्या टिळक हायस्कुलात झाली आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिक्षण व कुस्ती बरोबरीने चालली. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. बांधा लहान, पण चपळाई विलक्षण.

त्या काळचे कोल्हापूर म्हणजे तालमींचे गाव. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून कुस्तीला राजाश्रय दिला, त्याला तेव्हा तीस-पस्तीस वर्षे झाली होती. तालमीतला दिवस पहाटे सुरू व्हायचा. आधी हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरायची. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मुरवलेला. मग जोर, बैठका, लढती. घाम निथळू लागला की अंगाला कोरडी माती चोळायची आणि त्यानंतर मालीश. धाकटा पैलवान थोरल्याचे पाय रगडणार, दोघे बरोबरीचे असतील तर एकमेकांचे. जोडीदार नसेल त्या दिवशी स्वतःच बसून पिंढऱ्या, मांड्या, दंड तेलाने चोळायचे. खुराकात दूध, तूप, बदामाची थंडाई. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा मेहनत.

या दिनक्रमात जितकी मेहनत तितकाच आराम होता, ही गोष्ट नजरेतून निसटते. आज महागडी घड्याळे हातात बांधून धावणारी, सायकल चालवणारी, पोहणारी मंडळी ज्याला रिकव्हरी म्हणतात, ती तालमीत वस्तादाच्या शिस्तीनेच व्हायची. जो आराम चुकवील त्याला वस्ताद लढतीला उभा करीत नसे.

मालीशबद्दल मात्र तालमीतल्या सगळ्याच समजुती विज्ञानाने मान्य केलेल्या नाहीत. चोळल्याने स्नायूतले लॅक्टेट निघून जाते, हा समज अजूनही अनेक व्यायामशाळांत ऐकू येतो. तो खरा नाही. लॅक्टेट लवकर उतरवायचे तर हळूहळू चालणे किंवा संथ सायकल चालवणे हाच उत्तम मार्ग. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते त्याचे कारण लॅक्टेट नसतेच, ते तर कधीच निघून गेलेले असते. ते दुखणे स्नायूच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेचे आणि त्यानंतर येणाऱ्या दाहाचे. उतार उतरताना, बैठक मारून खाली जाताना स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, तेव्हा ही इजा जास्त होते.

मग मालीश निरुपयोगी का? तसेही नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, नंतर प्रत्येकाच्या एकाच मांडीला दहा मिनिटे मालीश केली आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूचे नमुने तपासले. लॅक्टेट आणि ग्लायकोजेन यांत फरक दिसला नाही. पण मालीश केलेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते आणि पेशींतली ऊर्जाकेंद्रे वाढवणारे संकेत जास्त. २०२० मध्ये इंग्लंडमधील शेफील्डच्या संशोधकांनी २९ अभ्यासांतल्या १,०१२ जणांची माहिती एकत्र केली. मालिशीने ताकद, वेग किंवा दम वाढल्याचे दिसले नाही. लवचिकता मात्र थोडी वाढली आणि नंतरचे अंगदुखणे थोडे कमी झाले. थोडक्यात, मालिशीने माणूस जिंकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सरावाला येऊ शकतो. पैलवानाला तेवढे पुरेसे होते.

ताडकळस, पूर्णा, परभणी या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीचे १,६०० मीटर मारणारी मुले दिसतात. हल्ली अर्धमॅरेथॉनची तयारी करणारे शिक्षक, कर्मचारीही दिसतात. त्यांना मालिशवाला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. पळून आल्यावर दहा मिनिटे चालावे. पाणी आणि खाणे आधी, मालीश नंतर. संध्याकाळी करडईचे किंवा तिळाचे थोडे तेल घेऊन पोटरी घोट्याकडून गुडघ्याकडे, मांडी गुडघ्याकडून वर, अशी दोन्ही तळव्यांनी पाच-दहा मिनिटे चोळावी. दाब सोसवेल इतकाच असावा. दात-ओठ खाऊन रगडल्याने फायदा वाढत नाही. फोम रोलर नसेल तर स्वयंपाकघरातले लाटणे मांडीवरून फिरवले तरी चालते, फक्त गुडघ्याच्या वाटीवर आणि नडगीच्या हाडावर ते फिरवू नये.

काही ठिकाणी हात लावूच नये. मुका मार लागून मांडी काळीनिळी पडली, सुजली, तर पहिले काही दिवस चोळणे घातक. आत साचलेले रक्त वाढते आणि कधीकधी त्या जागी स्नायूत हाडासारखा कठीण भाग तयार होतो. एकाच पायाची पोटरी सुजून लाल, गरम झाली असेल तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. ती चोळली आणि गाठ सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. भरती जवळ आली म्हणून सवय नसताना एकदम शेकडो बैठका मारणाऱ्या मुलाची लघवी चहाच्या पाण्यासारखी किंवा कोलासारखी काळपट झाली, तर स्नायू फुटून त्यातला रंगद्रव्याचा भार मूत्रपिंडावर पडतो आहे असे समजावे. तिथे तेल, लेप, घरगुती काढा काही उपयोगाचा नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. धावण्याआधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही अशीच वाईट. अंगातले पाणी कमी झालेले असताना ती गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते.

खाशाबांच्या वाट्याला आणखी एक अडचण होती, मॅटची. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते गेले, तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. मातीत पाय रुततो, घसरण कमी, कुस्ती रेंगाळते, चीतपट होईपर्यंत चालते. मॅटवर पाय सरकतो, वेळ मोजलेला आणि गुणांचा हिशेब प्रत्येक क्षणी. त्यासाठी घोटे, गुडघे, कंबर यांचे स्नायू वेगळ्या तऱ्हेने तयार व्हावे लागतात. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले आणि फ्लायवेट गटात ते सहावे आले. परत आल्यावर त्यांनी चार वर्षे मॅटचे तंत्र अंगवळणी पाडले आणि वरच्या वजनी गटात उतरले.

हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या देशाला पैलवानाच्या तिकिटाची सोय करता आली नाही, त्या देशाचा अधिकारी मॅटशेजारी नसावा, यात आश्चर्य ते काय. पदक घेऊन परतल्यावर कराडपासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

१९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून लागले. पुढच्या, मेलबर्नच्या ऑलिम्पिकची वाट गुडघ्याच्या दुखापतीने बंद केली. गुडघ्यातली कूर्चा आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे स्नायूसारखे ते चोळून, आराम करून भरून येत नाहीत. आज दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया पैलवानाला पुन्हा आखाड्यात उभे करते. १९५० च्या दशकात ती सोय नव्हती.

पोलीस दलात त्यांनी सत्तावीस वर्षे काढली, पोलीस खेळाडूंना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले. भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. अटलांटात लिअँडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य मिळवले तेव्हा खाशाबांना जाऊन बारा वर्षे झाली होती. अर्जुन पुरस्कारही त्यांना मरणोत्तरच मिळाला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले.