दादाभाई नौरोजी : गरिबाच्या घरखर्चाचा हिशेब मांडणारे गणिताचे प्राध्यापक

महागाई वाढली की घरात पहिली काटकसर कशात होते? डाळ, तेल, भाजी, दूध, बरोबर ना? याच घरखर्चाचा हिशेब दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने इंग्रज सरकारसमोर मांडला. ते होते दादाभाई नौरोजी.

४ सप्टेंबर १८२५ रोजी मुंबईत एका गरीब पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाईंनी कष्ट करून मुलाला वाढवले. त्या काळी शिक्षण मोफत होते म्हणूनच दादाभाई शिकू शकले. लोकांच्या पैशातून आपण शिकलो, ते ऋण फेडायचे, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर ठेवली. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये गणिताचे प्राध्यापक झाले. १८५५ मध्ये व्यापारासाठी लंडनला गेले.

सरकार म्हणायचे, हिंदुस्थानात भाव वाढत आहेत, म्हणजे देश सुखी होत आहे. दादाभाईंना हे पटेना. १८७६ मध्ये त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. माणशी वार्षिक उत्पन्न फक्त २० रुपये निघाले! आणि जेमतेम जगायला किती लागत होते? १८६७-६८ च्या भावांप्रमाणे, प्रदेशानुसार १६ ते ३५ रुपये. तुरुंगातल्या कैद्यावर होणारा अन्नवस्त्राचा खर्चही त्यांनी तपासला. कष्ट करणाऱ्या प्रामाणिक माणसाला कैद्याइतकेही मिळत नव्हते. शिवाय २० रुपये ही सरासरी. श्रीमंतांचा मोठा वाटा काढला, तर गरिबाच्या हाती त्याहून कमीच उरणार.

भाववाढीचे कारणही त्यांनी शोधले. कुठे पीक बुडाले म्हणून धान्य महागले, तर कुठे रेल्वेच्या कामावर पैसा खर्च झाला म्हणून तेवढ्याच भागात भाव चढले. ही काही सगळ्या देशाची भरभराट नव्हे. सरकारची सरासरी काढण्याची रीतही चुकीची होती. आपण सोपे उदाहरण घेऊ. एका गावात ९० पायली धान्य १ रुपया भावाने विकले आणि दुष्काळी गावात १० पायली ५ रुपये भावाने. दोन्ही भावांची नुसती सरासरी ३ रुपये येते. पण एकूण धान्य १०० पायली आणि पैसे १४० रुपये, म्हणजे खरा भाव १ रुपया ४० पैसे. बघा, केवढा फरक पडला! आणि दुष्काळी गावाचे हाल तर दोन्ही आकड्यांत दिसत नाहीत.

देशाची संपत्ती दरवर्षी इंग्लंडला वाहून जाते, हे दारिद्र्याचे मूळ त्यांनी दाखवले. यालाच आपण आर्थिक निःसारणाचा सिद्धांत म्हणतो. १८९२ मध्ये अवघ्या पाच मतांनी निवडून येऊन ते ब्रिटिश संसदेत गेले. तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

मुलांनो, आज घरी गेल्यावर आईला महिन्याच्या किराण्याचा खर्च विचारा. दुसऱ्या गावातल्या मामाला किंवा आत्यालाही विचारा. दोन्ही आकडे वहीत लिहा आणि शेजारी त्या गावातली मजुरी मांडा. नुसता भाव पाहून महागाई कळत नाही. हातात येते किती आणि जगायला लागते किती, हे शेजारी शेजारी मांडावे लागते. दादाभाईंनी तेच केले.