मेजर कँडी यांचे ऋण

मराठी लिहिताना आपण सहज स्वल्पविराम देतो, पूर्णविराम देतो. या खुणा आपल्या गद्यात कालपरवा आल्या, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. जुन्या मोडी कागदांत शब्ददेखील सलग लिहिले जात. मराठी गद्याला विरामचिन्हांची शिस्त लावण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, ते मेजर थॉमस कँडी हे पेशाने इंग्रज सैन्याधिकारी होते.

इंग्लंडात १८०४ साली जन्मलेले कँडी तरुणपणीच कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात दाखल झाले. तेथे मराठीचा व्यासंग जडला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्या कामी थॉमस व त्यांचे बंधू जॉर्ज हे साहाय्यक होते. शब्द गोळा करण्याचे व पारखण्याचे कष्ट मात्र एतद्देशीय शास्त्री मंडळींनीही उपसले, हे विसरता कामा नये. १८३७ मध्ये पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थ प्रकृतिअस्वास्थ्यामुळे मायदेशी परतल्यावर मागे राहिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडी यांनी १८४७ मध्ये तडीस नेला. १८५० मध्ये त्यांची विरामचिन्हांवरील पुस्तिका निघाली. पुढे सरकारी भाषांतरे आणि शालेय पुस्तके यांवर दीर्घकाळ त्यांचीच नजर राहिली. १८७७ साली महाबळेश्वर येथे त्यांचे देहावसान झाले.

या अधिकाराला दुसरीही बाजू होती. एतद्देशीय विद्वानांनी लिहिलेले मराठी शुद्ध की अशुद्ध, याचा निवाडा एका परकीय अधिकाऱ्याने करावा, ही पारतंत्र्याचीच खूण होय. त्या वळणामुळे आपल्या वाक्यरचनेवर इंग्रजीची छाया पडली, हा आक्षेपही निराधार नाही.

तथापि, दोष दाखवून ऋण फिटत नाही. ज्या भाषेत आपण जन्मलो, तिच्यासाठी परक्या माणसाने उभे आयुष्य वेचावे आणि आपण मात्र शब्द अडला असता कोश उघडण्याचाही कंटाळा करावा, हे शोभादायक नव्हे. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना तर याचे भान अधिक हवे. भाषेचा अभिमान सभेतील घोषणांनी सिद्ध होत नाही. तो शब्द पारखण्याच्या, वाक्य नेटके करण्याच्या नित्य श्रमांत दिसतो. ते श्रम आपण टाळले, तर भाषेचा निवाडा पुन्हा दुसरेच कोणी करतील.