शंकर आबाजी भिसे : खिळे पाडणाऱ्या यंत्राचे मराठी संशोधक

घरात आजी-आजोबांची नाहीतर आईबाबांची जुनी लग्नपत्रिका सापडली तर ती उलटी करा आणि मागच्या बाजूने बोट फिरवून बघा. अक्षरांचे बारीक उंचवटे बोटाला लागतील. हल्लीच्या गुळगुळीत पत्रिकेला ते लागत नाहीत. कारण ती जुनी पत्रिका खिळ्यांनी छापलेली असते.

हे खिळे म्हणजे सुताराचे खिळे नव्हेत बरं का! शिशाची एक छोटी दांडी, तिच्या टोकावर उलटं उठलेलं एक अक्षर, त्याला छापखान्यात खिळा म्हणायचे. नुसतं शिसं मऊ पडतं म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळत. जुळारी नावाचा कारागीर लाकडी खणांमधून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. त्यावर शाई लावून कागद दाबला की मजकूर उठायचा. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, लहान-मोठी धरून बावन्न. आपल्या देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं धरून शेकडो खण लागायचे. वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, पंचांग, सगळं या खिळ्यांवर चालायचं. ते झिजायचे, तुटायचे आणि पुन्हा नवे ओतावे लागायचे.

असे खिळे भराभर पाडणारं यंत्र मुंबईच्या एका मराठी माणसाने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये तयार केलं होतं. त्यांचं नाव शंकर आबाजी भिसे. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत भारताचे एडिसन एवढीच त्यांच्याबद्दल ओळ असते. मुलं ती पाठ करतात, एक गुण मिळवतात आणि विसरतात. म्हणून आज जरा सविस्तर.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. लहानपणापासून वस्तू खोलून बघायचा नाद. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी दगडी कोळशापासून जळणारा वायू तयार करण्याचं उपकरण जुळवलं, म्हणजे आजच्या आठवीतल्या मुलाच्या वयात. इंजिनिअरिंगचं शिक्षण मात्र त्यांना मिळालं नाही. अमेरिकेतून सायंटिफिक अमेरिकन नावाचं साप्ताहिक मुंबईत यायचं. त्यात नव्या यंत्रांची चित्रं आणि माहिती असायची. ते वाचत वाचत भिसे यंत्रशास्त्र शिकले. तेच त्यांचं कॉलेज म्हणा ना.

पुढे त्यांनी मुंबईत अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी धरली. दिवसभर आकडेमोड आणि उरलेल्या वेळात यंत्रं. कुणी उघडून भेसळ केली तर लगेच कळेल अशी बाटली, सायकलसाठी विजेवरची जोडणी, मुंबईच्या उपनगरी गाड्यांसाठी स्टेशन दाखवणारं दर्शक यंत्र, असे त्यांचे उद्योग चालले होते. (आपल्या वर्गातली कितीतरी मुलं अजून रेल्वेत बसलेली नाहीत. त्यांच्यासाठी सांगतो, आता लोकलच्या डब्यात पुढच्या स्टेशनाचं नाव पाटीवर सरकत येतं. तीच गरज या माणसाने एकोणिसाव्या शतकात ओळखली होती.) सामान्य लोकांना विज्ञान मराठीत कळावं म्हणून त्यांनी विविध कलाप्रकाश नावाचं मासिकही चालवलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतः इंग्रजी साप्ताहिक वाचून शिकलेला माणूस पुढच्याची सोय मराठीत करत होता.

त्यांचं नशीब फिरलं ते किराणा दुकानाच्या तराजूवर. एका इंग्रजी नियतकालिकाने संशोधकांसाठी स्पर्धा ठेवली होती. साखर, पीठ असा माल मोठ्या साठ्यातून आपोआप मोजून बाहेर काढणारं यंत्र सुचवायचं होतं. इंग्लंडमधल्या स्पर्धकांना मागे टाकून भिसे यांचा आराखडा पहिला आला. म्हणजे एका हिंदी कारकुनाचा आराखडा, तोही राज्यकर्त्यांच्या देशातल्या स्पर्धेत. मुंबईच्या प्रतिष्ठित मंडळींचं लक्ष तेव्हा या तरुणाकडे गेलं. काँग्रेसचे नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना ओळखपत्र दिलं आणि ते पत्र घेऊन भिसे १८९९ च्या सुमारास लंडनला पोचले.

पत्र होतं दादाभाई नौरोजींच्या नावे. दादाभाई तुम्हाला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत आहेत. १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेलेले, भारताची संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते ते आकड्यांनी दाखवणारे. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. या वृद्ध नेत्याने एका अनोळखी मराठी तरुणाच्या यंत्रांमध्ये स्वतःचे पैसे घातले. त्याचा अर्थ समजून घ्या. भारतीय माणसाला यंत्रातलं काही कळत नाही, तो फक्त कच्चा माल पिकवायला आणि कारकुनी करायला, असं तेव्हा राज्यकर्ते उघड बोलत. त्याला उत्तर भाषणाने देता येतं, तसं चालत्या यंत्रानेही देता येतं.

लंडनमध्ये भिसे यांनी विजेच्या दिव्यांवर जाहिराती दाखवणारी पाटी बनवली. ती तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रसिद्ध काचेच्या प्रदर्शनगृहात मांडली गेली आणि काही दुकानांवरही लागली. आज केजला किंवा अंबाजोगाईला सराफाच्या दुकानावर अक्षरं सरकणारी पाटी दिसते ना, तिच्या पूर्वजांपैकी ती एक. याखेरीज स्वयंपाकघरातली उपकरणं, टेलिफोनची एक रचना, डोकेदुखीवरचं एक साधन, आपोआप पाणी सोडणारा संडास, सायकल उभी करण्याचा स्टँड. यादी वाचताना हसू येतं, एक माणूस आणि किती दिशा! पण त्यात एक सूत्र आहे. माणसाला रोज जिथं अडतं तिथं यंत्र काय करू शकेल, एवढाच प्रश्न ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

या सगळ्यात मोठं काम मात्र खिळ्यांच्या यंत्राचं. त्याचा काळही बघितला पाहिजे. १८८६ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात ओटमार मर्गेनथालर यांचं लायनोटाइप यंत्र सुरू झालं होतं. ते अख्खी ओळ एका तुकड्यात ओतायचं. पाठोपाठ टॉलबर्ट लॅन्स्टन यांचं मोनोटाइप आलं, ते सुटी अक्षरं पाडून जुळवायचं. छपाईच्या धंद्यात पैसा खेळत होता आणि जो जास्त वेगाने, कमी खर्चात अक्षर पाडील त्याचा माल खपणार होता. आपल्याकडे मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीचे सुंदर खिळे पाडून नाव कमावलं होतंच. म्हणजे भिसे यांच्या गावात या कामाची किंमत जाणणारे लोक होते.

खिळा पाडायचा कसा? एका साच्याच्या तळाशी अक्षराचा ठसा बसवायचा, वितळलेला धातू आत सोडायचा, तो थिजला की खिळा बाहेर काढायचा. अडचण थिजण्याची आहे. तुम्ही कुल्फी केलीय ना घरी? साच्यात दूध ओतायला वेळ लागत नाही, वेळ लागतो तो घट्ट व्हायला. घाई केली की कुल्फी साच्यातच मोडते. खिळ्याचंही तेच. भिसे यांनी त्यावर युक्ती काढली ती एकाच यंत्रात अनेक साचे चालवण्याची. एकेका साच्यासाठी थांबत बसण्याऐवजी एका वेळी कितीतरी खिळे पडायचे. त्यांच्या यंत्राचा वेग मिनिटाला १,२०० खिळे असा नोंदवला गेला आहे. म्हणजे सेकंदाला वीस. कॅस्लन ही लंडनमधली जुनी नामांकित खिळे पाडणारी कंपनी. तिथल्या जाणकारांना हे खरं वाटेना. भिसे यांनी यंत्र करून दाखवलं. आपल्या आडनावावरून त्यांनी त्याला भिसोटाइप असं नाव दिलं.

इथं गोष्ट संपून ते श्रीमंत व्हायला हवे होते. तसं झालं नाही, आणि माझ्या मते भिसे यांच्या आयुष्यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग हाच आहे. नमुना म्हणून एक यंत्र बनवणं वेगळं आणि तसली शंभर यंत्रं बनवून छापखान्यांना विकणं वेगळं. त्याला कारखाना लागतो, कुशल कारागीर लागतात, सुटे भाग लागतात, निरनिराळ्या देशांत पेटंट काढायला फी लागते. पेटंट म्हणजे आपला शोध ठरावीक वर्षं दुसऱ्याने परवानगीवाचून वापरू नये म्हणून सरकारने दिलेला हक्क. तो फुकट मिळत नाही. मोठ्या कंपन्यांनी आधीच आपली यंत्रं छापखान्यांत बसवलेली, माणसं त्यावर तयार झालेली. त्यांच्यापुढे उभं राहायचं तर हजारो पौंड हवेत.

दादाभाईंनी जमेल तेवढं केलं. हेन्री हाइंडमन हे त्यांचे इंग्रज मित्र, त्यांनाही गुंतवणूकदार शोधायला सांगितलं. गंमत बघा, हाइंडमन म्हणजे इंग्लंडमधले पहिल्या फळीतले समाजवादी, भांडवलशाही आता बुडणार असं सांगत फिरणारे. तेच भांडवल गोळा करायला निघाले! पैसे काही उभे राहिले नाहीत. १९०७ साली दादाभाई थकून भारतात परतले. भिसे यांच्याकडची पुंजी संपली आणि डिसेंबर १९०८ मध्ये तेही मुंबईच्या बोटीत बसले.

त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. दोघांची भेट झाली. गोखल्यांनी या माणसाची योग्यता ओळखली आणि रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला. (हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे पुत्र. आपण टीव्हीवर पाहिलेले ते रतन टाटा नंतरचे.) दक्षिण आफ्रिकेत गांधीजींच्या लढ्याला ज्यांनी मोठी रक्कम दिली ते हेच. त्यांनी भांडवल दिलं, १९१० मध्ये टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट स्थापन झाली आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. दोन आडनावं शेजारी शेजारी, एक पारशी उद्योगपतीचं, एक मराठी कारकुनाचं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

पण चार वर्षांत पहिलं महायुद्ध पेटलं. तोफगोळ्यांच्या काळात खिळ्यांच्या नव्या यंत्राला कोण विचारणार? सिंडिकेटचं काम पुढे गेलं नाही. १९१६ मध्ये भिसे अमेरिकेला गेले आणि वयाच्या पन्नाशीत त्यांनी परक्या देशात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिथं त्यांनी खिळे पाडण्याचं सुधारलेलं यंत्र बनवलं आणि १९२० च्या सुमारास त्यासाठी स्वतःच्या नावाची कंपनीही काढली. बाजार मात्र लायनोटाइप-मोनोटाइपवाल्यांच्याच हातात राहिला.

आता एक वेगळंच वळण. ज्या यंत्रासाठी उभं आयुष्य घातलं त्याने पैसा दिला नाही, तो दिला धुण्याच्या पावडरीसारख्या एका मिश्रणाने आणि एका औषधाने. आजारपणात त्यांनी एक भारतीय औषध घेतलं होतं, त्याचा गुण आला. त्यात काय आहे ते तपासताना आयोडीन सापडलं. साधं आयोडीन पाण्यात नीट विरघळत नाही. जखमेवर लावायचं टिंक्चर म्हणजे ते स्पिरिटमध्ये विरघळवलेलं असतं आणि म्हणून झोंबतं. भिसे यांनी पाण्यात मिसळणारं आयोडीनचं औषध तयार केलं आणि ते ॲटोमिडीन नावाने अमेरिकेत विकलं गेलं. त्या औषधाबद्दल पुढे बरेच दावे केले गेले. आयोडीन शरीराला लागतं, पण अगदी चिमूटभराहून कमी, आणि ते आपल्याला मिठातून मिळतं. असलं औषध मनाने कुणी घेऊ नये, एवढं शिक्षक म्हणून सांगून ठेवतो.

दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंट असा हिशोब त्यांच्या चरित्रांतून येतो. त्यांतली बरीच यंत्रं आज कुणी वापरत नाही. एडिसनशी तुलना करताना आपण हे लक्षात घेत नाही की एडिसनच्या पाठीशी मोठी प्रयोगशाळा, पगारी सहायक आणि न्यूयॉर्कचे सावकार होते, आणि त्याच्या नावावर अमेरिकेतली एक हजार त्र्याण्णव पेटंट आहेत. भिसे यांच्याकडे थोडे मित्र आणि भाड्याची खोली. तुलना करायचीच असेल तर ती या फरकासकट करावी.

डिसेंबर १९३० मध्ये हे दोघे खरोखर भेटले. भिसे त्रेसष्ट वर्षांचे, एडिसन त्र्याऐंशी. पुढच्याच वर्षी एडिसन गेले. भिसे न्यूयॉर्कलाच राहिले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी, अडुसष्टावा वाढदिवस बावीस दिवसांवर आलेला असताना, तिथंच त्यांचं निधन झालं.

उपक्रम : सोमवारी येताना घरातली सगळ्यात जुनी छापील पत्रिका, पंचांग किंवा पावती मोठ्यांना विचारून घेऊन या. वर्गात आपण बोटाने चाचपून कुठली खिळ्यांची आणि कुठली नव्या छपाईची ते ओळखू. मग एका बटाट्याचे दोन तुकडे करून त्यावर आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरू आणि रंगात बुडवून वहीवर उमटवू. अक्षर सरळ उमटायला ते बटाट्यावर कसं कोरावं लागेल, ते आधी घरी आरशासमोर बसून ठरवून या.