पिंप उपडे करणारा डॉक्टर

सर रोनाल्ड रॉस यांना सगळे नोबेल विजेते शास्त्रज्ञ म्हणून ओळखतात. मला ते लष्करी डॉक्टर होते याचे जास्त कौतुक वाटते. त्यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोड्याला झाला. वडील सैन्यात मोठे अधिकारी. आठव्या वर्षी त्यांना शिकायला विलायतेला पाठवले. मुलाला कविता करायच्या होत्या, वडिलांनी डॉक्टर केले.

बंगळूरला नेमणूक असताना त्यांच्या बंगल्यात डास फार. खिडकीबाहेरच्या पिंपात त्यांना अळ्या दिसल्या. पिंप उपडे केले, डास कमी झाले. बाकीची पिंपेही हलवावीत असे त्यांनी अ‍ॅडज्युटंटला सुचवले, पण साहेबांना ती निसर्गात ढवळाढवळ वाटली!

पुढे सिकंदराबादला १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी हुसेन खान या मलेरियाच्या रुग्णाला डासामागे एक आणा देऊन डास चावू दिले. मग एकेक डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. वाऱ्याने डास उडतील म्हणून पंखा बंद. घामाने सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचे जंतू सापडले. पुढच्या वर्षी कलकत्त्याला पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी डास चावल्यानेच हा रोग पसरतो हे दाखवले. १९०२ मध्ये नोबेल मिळाले.

पुस्तकातला धडा इथे संपतो. पण पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौज ग्रीसमध्ये सालोनिकाला उतरली, तेव्हा मलेरियाचे कारण माहीत होते, क्विनाईनही होते. तरी मलेरियाने दीड लाखांहून जास्त वेळा जवान इस्पितळात दाखल झाले. लढाईतले मृत आणि जखमी त्याच्या पाव हिस्साही नव्हते. स्ट्रुमा नदीचे खोरे दलदलीचे. गस्त रात्री घालायची, अ‍ॅनॉफिलीस डासही रात्रीच चावतो, आणि गस्तीवर मच्छरदाणी कुठे बांधणार? (आम्ही कॅडेट सूर्यास्तानंतर बाह्या खाली करतो, ते याचसाठी.) १९१७ च्या उन्हाळ्यात फौज खोऱ्यातून डोंगरावर मागे घ्यावी लागली. ही माघार शत्रूमुळे नव्हती, डासांमुळे होती.

त्याच वर्षाच्या अखेरीस साठीचे रॉस सल्लागार म्हणून सालोनिकाला निघाले. वाटेत त्यांच्या जहाजावर टॉर्पेडोचा हल्ला झाला, पण ते बचावले आणि कामाला लागले. १९३२ मध्ये लंडनला ते वारले. काँगो आणि दक्षिण सुदानमध्ये शांतिसेनेत गेलेले आपले जवान आजही मच्छरदाणीत झोपतात आणि साचलेले पाणी ओतून देतात.